नोवास्टार व्हीएक्स६०० रिव्ह्यू: आधी इनपुट सेट करा, मग वॉलला हात लावा

आमचा धंदा एलईडी वॉल भाड्याने द्यायचा. सातारा, कराड, सांगली हा पट्टा. लग्नं, हरिनाम सप्ताह, गणपती-नवरात्र, कुस्तीची मैदानं, शाळांची गॅदरिंगं, अधूनमधून सभा. पॅनल आता बहुतेकांकडे बऱ्यापैकी सारखेच आहेत, खरा फरक पडतो तो मागच्या पेटीत म्हणजे लॅपटॉप-कॅमेऱ्याचं चित्र घेऊन ते वॉलच्या मापात पॅनलना पाठवणाऱ्या प्रोसेसरमध्ये, आणि त्याहून जास्त फरक पडतो तो ती पेटी चालवणारा माणूस इनपुटच्या सेटिंगमध्ये जातो का नाही यात. बरेच जण जात नाहीत. एचडीएमआय लावली, चित्र आलं, फुल स्क्रीन केलं, झालं काम, चहा प्यायला गेले. नवीन धंद्यात आलेली पोरं प्रोसेसर कोणता घेऊ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू, आणि मी मुद्दाम इनपुटच्या बाजूवरच जास्त बोलणार आहे कारण व्हिडिओत रिव्ह्यू करणारे बहुतेक सगळे पोर्ट मोजतात आणि थांबतात.

पोर्टचं पण सांगून टाकतो. नोवास्टार कंपनीच्या व्हीएक्स६०० या प्रोसेसरला वॉलकडे वायर न्यायला सहा गिगाबिट पोर्ट आहेत, एका पोर्टवर साडेसहा लाख पिक्सेल, म्हणजे एकूण ३९ लाख. व्हीएक्स४०० ला चार पोर्ट आणि २६ लाख, व्हीएक्स१००० ला दहा पोर्ट आणि ६५ लाख, हिशोब तोच. आत यायला दोन एचडीएमआय, एक डीव्हीआय, एक थ्रीजी-एसडीआय (मोठ्या कॅमेऱ्यांची आणि मिक्सरची वायर), शिवाय एक फायबर पोर्ट जो आत घ्यायला पण चालतो आणि बाहेर द्यायला पण चालतो. पूर्वी आपल्याकडे चित्राचं माप बदलणारा स्केलर वेगळा, चित्र पॅनलना पाठवणाऱ्या सेंडिंग कार्डची पेटी वेगळी, मध्ये डीव्हीआयची वायर, आणि ती वायर हलली की सगळा वॉल काळा. ते सगळं एकाच पेटीत आलं हे या मालिकेचं मोठं काम. तीन लेयर (म्हणजे वॉलवर एकाच वेळी ठेवायची वेगवेगळी चित्रं), दहा प्रीसेट (साठवून ठेवलेल्या मांडण्या), समोर छोटी रंगीत स्क्रीन आणि एक नॉब. लॅपटॉप न जोडता समोरूनच जवळपास सगळं करता येतं, आणि मांडवात उभं राहून काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही लॅपटॉपची एचडीएमआय या पेटीत घालता तेव्हा लॅपटॉप आधी पेटीला विचारतो की बाबा तू कोण, तुझं माप किती, किती हर्ट्झवर चालतोस. पेटी जे उत्तर देते त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ साली हे ठरवलं, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा आहे, आणि आज आपल्या मांडवातली अर्धी भांडणं या १२८ बाइटमुळे होतात. पेटीने १९२०×१०८०, ६० हर्ट्झ सांगितलं की लॅपटॉप तेच पाठवणार. तुमचा वॉल किती पिक्सेलचा आहे ते लॅपटॉपला कळायचा दुसरा कुठलाच मार्ग नाही, ते तुम्हीच पेटीच्या इनपुट सेटिंगमध्ये जाऊन त्या इनपुटच्या ईडीआयडीत भरायचं असतं.

उदाहरण घेऊ. आपल्याकडे लग्नात सगळ्यात जास्त जातो तो पी ३.९१ चा (दोन दिव्यांत ३.९१ मिमी अंतर) वॉल, ५०० बाय ५०० मिमीचा कॅबिनेट म्हणजे पॅनलचा एक डबा, एका कॅबिनेटमध्ये १२८×१२८ पिक्सेल. पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच घेतला तर दहा आडवे, सहा उभे, म्हणजे १२८०×७६८. आता लॅपटॉप पाठवतोय १९२०×१०८० आणि तुम्ही पेटीत फुल स्क्रीन केलंत. दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे चित्राचं प्रमाण बिघडलं, कारण १६:९ चं चित्र ५:३ च्या वॉलमध्ये कोंबलं, माणसं उभ्यात साधारण सहा-सात टक्के ताणली गेली. नवरदेव उंच दिसला म्हणून कुणी तक्रार करत नाही पण अंगठ्यांचा क्लोजअप लागला की गोल अंगठी अंड्यासारखी दिसते आणि फोटोग्राफर तुमच्याकडे बघतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, १९२० पिक्सेलचं १२८० मध्ये बसवताना स्केलरने दर तीन पिक्सेलचे दोन केले, म्हणजे बारीक सगळं गेलं.

बारीक म्हणजे काय ते इंग्रजी अक्षरांवर तितकं कळत नाही, देवनागरीवर लगेच कळतं. शिरोरेखा बघा. मूळ फाइलमध्ये ती सगळीकडे सारख्या जाडीची असते, स्केल झाल्यावर एका ओळीत जाड, पुढच्या ओळीत पातळ आणि करड्या रंगाची होते, आणि मजकूर वर सरकत असेल तर ती लुकलुकते. अनुस्वार तर छोट्या अक्षरात दिसेनासाच होतो. ‘चि. सौ. कां.’ मधल्या कां वरचा टिंब गेला, सप्ताहात अभंगाच्या ओळी लावल्या आणि रफार नि वेलांटी एकमेकांत मिसळल्या, की मागच्या रांगेतल्या माणसाला वाचताच येत नाही. हभप महाराज काही बोलत नाहीत पण गावातले वाचणारे बोलतात, आणि बरोबरच बोलतात, पैसे देऊन वॉल लावलाय तो वाचायलाच ना.

उपाय सोपा आहे. इनपुट सेटिंगमध्ये जायचं, ज्या एचडीएमआयला लॅपटॉप लावलाय ती निवडायची, ईडीआयडीमध्ये कस्टम घ्यायचं, रुंदी १२८०, उंची ७६८, फ्रेमरेट भरायचा, अप्लाय करायचं. स्क्रीन क्षणभर काळी होते, लॅपटॉप परत विचारणा करतो, आणि आता तो १२८०×७६८ च पाठवतो. लेयरला पिक्सेल टू पिक्सेल स्केलिंग द्यायचं. लॅपटॉपचा एक पिक्सेल म्हणजे वॉलचा एक दिवा. याच वॉलवर याच फाइलने हा फरक एकदा डोळ्यांनी बघा, परत कधी कोणाला शिकवावं लागणार नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला आधी हे दाखवतो, दोन लेयर घेऊन अर्धा वॉल स्केल करून आणि अर्धा पिक्सेलला पिक्सेल, आणि त्याला लांब उभं करून वाचायला लावतो.

स्क्रीन काळी होते म्हटलं ना, ते लक्षात ठेवा. ईडीआयडी बदलणं हे कार्यक्रमाच्या आधीचं काम आहे. मंगलाष्टका चालू असताना कोणी कितीही सांगितलं तरी त्या पानावर जायचं नाही.

आता इथे एक मोठी गोम आहे आणि ती पेटीची नाही, विंडोजची आहे. कस्टम ईडीआयडी दिला, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलात, १२८०×७६८ दिसतंय, तुम्ही खूश. पण चित्र अजून मऊच दिसतंय. का? कारण विंडोजमध्ये दोन वेगळी मापं असतात. एक डेस्कटॉप मोड आणि दुसरा अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलंत की दोन्ही दिसतात. डेस्कटॉप १२८०×७६८ आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल १९२०×१०८० असं दिसलं तर समजा की ग्राफिक्स कार्डच मध्ये स्केल करतंय, म्हणजे आधी लॅपटॉपने ताणलं, मग पेटीने आवळलं, दोनदा वाटोळं. तिथून डिस्प्ले अ‍ॅडाप्टर प्रॉपर्टीजमध्ये जायचं, लिस्ट ऑल मोड्स दाबायचं, त्यातून खरं माप निवडायचं, परत येऊन दोन्ही ओळी सारख्या झाल्या का बघायचं. मागे एका हॉलवर दुसऱ्या एका पार्टीचा ऑपरेटर माझ्याकडे आला, म्हणाला दादा पॅनल खराब आलेत, अक्षरं फुटतात, मालकाला फोन लावतो. त्याच्या लॅपटॉपवर हे पान उघडलं तर अ‍ॅक्टिव्ह सिग्नल भलताच. तो मोड बदलला, अक्षरं कापल्यासारखी स्वच्छ उभी राहिली. पॅनलला काहीच झालं नव्हतं. असे किती पॅनल उगाच रिपेअरला जात असतील.

डुप्लिकेट मोडचा पण असाच त्रास. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन आणि वॉल डुप्लिकेट केले की विंडोज दोघांना चालेल असं एकच माप शोधतं आणि तुमचं कस्टम माप बाजूला राहतं. एक्स्टेंड ठेवा. प्रेझेंटेशनवाल्यांना एक्स्टेंड नको असतं, त्यांना समोर तेच दिसायला हवं असतं, मग पेटीच्या मॉनिटरिंगच्या एचडीएमआय आउटवर एक छोटा मॉनिटर लावून तो वक्त्याकडे वळवा. आणि विंडोजचं १२५ टक्के स्केल त्या डिस्प्लेसाठी १०० करा.

काही लॅपटॉप, खासकरून ऑफिसचे लॉक केलेले, कस्टम माप घेतच नाहीत, तिथे डोकं फोडू नका. ईडीआयडी १९२०×१०८० च ठेवा, लेयर पिक्सेल टू पिक्सेल करा, लेयरचा कोपरा वरच्या डाव्या टोकाला ०,० वर ठेवा, आणि लॅपटॉपवर वाजवायची विंडो वरच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर १२८०×७६८ ची करा. रेझोल्यूम किंवा तसल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे टाकून होतं. उरलेला भाग वॉलवर दिसत नाही, तिथे तुमचं घड्याळ, फाइलची यादी काहीही ठेवा.

मापाबद्दल अजून एक, कारण क्लायंटशी बोलताना कामाला येतं. पी ३.९१ चे चौकोनी कॅबिनेट आठ आडवे आणि पाच उभे लावले तर १०२४×६४०, गुणाकार करा, ६,५५,३६०. एका पोर्टची मर्यादा साडेसहा लाख. पाच हजार पिक्सेलने ओलांडली. चार बाय अडीच मीटरचा वॉल दिसायला छोटा, पण एका वायरवर बसत नाही, दोन पोर्ट घ्यावेच लागतात, आणि ज्याला हा हिशोब माहीत नाही तो तासभर वायर बदलत बसतो. उलट सोळा आडवे, नऊ उभे लावले की २०४८×११५२, बरोबर १६:९, म्हणजे प्रमाणाचा प्रश्नच मिटला. क्लायंट आकार विचारत असेल तर मी आधी असा आकार सुचवतो जो कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळतो. आउटपुटला जुगाड करण्यापेक्षा ते बरं.

आता फ्रेमरेट. हा विषय ऑपरेटर लोक सगळ्यात जास्त टाळतात. आपल्याकडे कॅमेरे बऱ्याचदा ५० वर सेट असतात, कारण भारतात टीव्हीचं प्रसारण ५० चं आहे आणि वीज पण ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली ५० वर कॅमेरा लुकलुकत नाही. आणि लॅपटॉप येतो ६० चा. कॅमेऱ्यांचा व्हिडिओ मिक्सर १०८०पी५० देतोय, पेटी ६० वर चालतेय, म्हणजे सेकंदाला दहा फ्रेम कुठूनतरी दुसऱ्यांदा दाखवायच्या. स्टेजवर माणूस उभा राहून भाषण करत असेल तर कळणार पण नाही. कुस्तीच्या मैदानात कळतं. पैलवान पट काढायला खाली जातो ती हालचाल इतकी झटक्यात असते की एक फ्रेम जरी दोनदा आली तरी चित्र ठेचकाळल्यासारखं होतं, आणि मैदानात लांब मातीवर बसलेला माणूस सगळी कुस्ती वॉलवरच बघत असतो, त्याला तेवढंच दिसतं. कॅमेरा आडवा फिरवला की तर स्पष्टच दिसतं, कुंपणाच्या बल्ल्या उड्या मारत जातात.

व्हीएक्स६०० मध्ये याचा इलाज आहे, आउटपुट आलेल्या इनपुटच्या फ्रेमरेटला लॉक करता येतं. सिंक्रोनायझेशन चालू करायचं, सोर्स म्हणून कॅमेऱ्याचं इनपुट द्यायचं, मग वॉल पण ५० वर चालतो. समोरच्या एफएन बटणाला हेच फंक्शन देऊन ठेवता येतं, मी तसंच ठेवतो. आणि लॅपटॉपच्या इनपुटचा ईडीआयडी पण ५० चा करून टाकायचा, म्हणजे जाहिरातीची पट्टी आणि लाइव्ह दोन्ही एका तालात. मैदान असेल तर सगळं ५०, लग्नात निव्वळ लॅपटॉपवर व्हिडिओ असतील तर ६०, सकाळी ठरवायचं आणि दिवसभर बदलायचं नाही. मिक्सरवाल्याला पण सकाळीच विचारून घ्यायचं, भाऊ आउटपुट किती देताय, पी का आय.

पी (पूर्ण फ्रेम) का आय (एक आड एक ओळी) हा प्रश्न एसडीआयच्या वेळी फार महत्त्वाचा. एसडीआय म्हणजे एकतर्फी रस्ता, तिथे ईडीआयडी वगैरे काही नाही, कॅमेरा जे पाठवेल ते पेटीने घ्यायचं. त्यामुळे पेटीच्या मेनूत एसडीआय इनपुटला रिझोल्यूशन सेट करायचं काही येत नाही, ते बिघडलेलं नाही, ते तसंच असतं. पण जुने ब्रॉडकास्ट कॅमेरे आणि काही मिक्सर १०८०आय५० देतात, म्हणजे एक आड एक ओळी, आधी विषम मग सम. पेटी डीइंटरलेस करते म्हणजे त्या ओळींची पूर्ण फ्रेम बनवते, आणि बऱ्यापैकी करते. तरी जोरात हलणाऱ्या चित्रात हातापायाच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसू लागल्या तर पेटीत शोधत बसू नका, मिक्सरवर जाऊन १०८०पी५० करा. थ्रीजी-एसडीआय ते आरामात घेते, फक्त वायर थ्रीजीची हवी. केबल टीव्हीची पांढरी वायर बीएनसी कनेक्टर मारून एसडीआयला वापरणारे मी पाहिलेत, थोड्या अंतरावर चालते, अंतर वाढलं की चित्र अधूनमधून ठिपके टाकतं आणि मग एकदम जातं. अंतर लांब असेल तर माझी पसंती एसडीआयलाच, लांब एचडीएमआयवर माझा विश्वास नाही. बीएनसी फिरवून लॉक होते, एचडीएमआय कोणाचाही पाय लागला की निघते.

काळ्या रंगाचं बोलायला पाहिजे. रात्रीचा कार्यक्रम, वॉलवर काळी बॅकग्राउंड, आणि काळा काळा नाही, राखाडी दिसतोय, धूर मारल्यासारखा. लगेच ऑपरेटर पेटीत जाऊन ब्राइटनेस कमी करतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, मग चेहरे जळतात, मग सॅच्युरेशन, मग ह्यू, आणि तासाभराने काय मूळ होतं ते कुणालाच आठवत नाही. बऱ्याचदा गोष्ट इतकीच असते की लॅपटॉप लिमिटेड रेंज पाठवतोय, म्हणजे काळा ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर, आणि वॉल त्याला फुल रेंज समजून दाखवतोय. मॉनिटरवर हे तितकं जाणवत नाही, एलईडीवर १६ म्हणजे दिवे चक्क पेटलेले असतात. लॅपटॉपच्या ग्राफिक्स पॅनलमध्ये जाऊन आउटपुट आरजीबी आणि रेंज फुल करा. एनव्हिडियामध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज नावाने आहे, इंटेलमध्ये क्वांटायझेशन रेंज. उलट झालं असेल, सोर्स फुल पाठवतोय आणि कुठेतरी मध्ये लिमिटेड धरलं जातंय, तर अंधारातलं सगळं चिकटून एक काळा डाग होतो, नवरदेवाच्या काळ्या कोटाच्या घड्या दिसत नाहीत. आधी हे जुळवा, मग वॉलचा ब्राइटनेस रात्रीपुरता खाली घ्या, रंगाच्या सेटिंगला शक्यतो हात लावू नका. पेटीत ती सेटिंग दिलीयत, चांगली दिलीयत, पण ती दोन कॅमेऱ्यांचा थोडाफार फरक सावरायला आहेत, चुकीची रेंज दुरुस्त करायला नाहीत.

क्रिकेटची मॅच चौकात लावायची असते तेव्हा सेटटॉप बॉक्स येतो आणि त्याच्याबरोबर एचडीसीपी येतं, म्हणजे चित्राची कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. ही पेटी एचडीसीपी १.४ घेते म्हणून बॉक्स सरळ एचडीएमआयने लावला की चालतो. मध्ये स्वस्तातला स्प्लिटर किंवा एसडीआय कन्व्हर्टर टाकला की काळा पडदा, तेव्हा दोष शोधायची सुरुवात मधल्या वस्तूपासून करा.

समोरचे इनपुट बटणांचे दिवे बघायची सवय लावून घ्या. सिग्नल आलाय का, आलाय पण लेयरला दिलेला नाही, का लेयरला दिलाय पण सिग्नलच नाही, हे त्या दिव्यांवरून लांबूनच कळतं, मेनूत जायची गरज नाही. ही छोटी गोष्ट आहे पण रात्री बारा वाजता जनरेटर बदलताना सगळं बंद पडून परत चालू होतं तेव्हा हीच वाचवते. फ्रीझचं बटण पण तसंच, इनपुट बदलायचं आहे, वॉलवर शेवटचं चित्र धरून ठेवा, मागे शांतपणे वायर बदला.

प्रीसेटची माझी पद्धत सांगतो. सेटिंग झालं की पहिला प्रीसेट निव्वळ लॅपटॉप, दुसरा निव्वळ कॅमेरा, तिसरा कॅमेरा मोठा आणि खाली लॅपटॉपची पट्टी, चौथा कार्यक्रमाचा लोगो. लेयरचं माप आणि जागा त्यात बसते, म्हणजे कार्यक्रम चालू असताना नॉब फिरवत बसायचं नाही. पट्टीचा लेयर करताना पण पिक्सेलला पिक्सेल हा नियम सोडायचा नाही, १२८० रुंद पट्टी हवी तर फाइलच १२८० ची बनवून घ्यायची. डिझाइन करणारी पोरं सगळं १९२०×१०८० लाच बनवतात, त्यांना वॉलचं माप व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या दिवशी पाठवा, तेवढ्याने निम्मं काम होतं.

बॅकअपबद्दल थोडक्यात. पोर्टला पोर्टचा बॅकअप देता येतो, पेटीला पेटीचा पण देता येतो, दुसऱ्या फायबर पोर्टवरून सगळ्या पोर्टची कॉपी बाहेर काढता येते. लग्नात मी पोर्टचा देतोच. कॅट-६ शंभर मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे फायबर.

आता न आवडलेलं. एचडीएमआय दोन्ही १.३ आहेत, १९२०×१२०० ची मर्यादा धरून चला, कस्टममध्ये रुंदी ३८४० पर्यंत जाते पण तेव्हा उंची कमी करावी लागते. म्हणजे लांबलचक स्टेजच्या पट्टीसाठी छान, पण ६० हर्ट्झचं खरं ४के (३८४०×२१६०) इनपुट हवं असेल तर हे मॉडेल नाही. आपल्याकडच्या लग्नाला ४के लागत नाही, पी ३.९१ चा वॉल ४के भरायला पंधरा मीटर रुंद लागेल, तेव्हा विक्रेता ४के ४के करत असेल तर आधी स्वतःच्या वॉलचे पिक्सेल मोजा. पी २.६ किंवा त्याहून बारीक पॅनल घेणार असाल, कॉर्पोरेट कामं असतील, तर प्रो मॉडेल बघा, त्यात एचडीएमआय २.० आहे. दुसरं म्हणजे नॉब फिरवून १२८०, ७६८ असे आकडे भरणं कंटाळवाणं आहे, छोट्या स्क्रीनवर मेनू खोलात जातो, वय झालेल्या डोळ्यांना चष्मा लागतो. लॅपटॉपला यूएसबी लावून करता येतं पण मग समोरून सगळं होतं हा फायदा गेला. डीव्हीआय आता कोणी आणत नाही, त्या जागी तिसरी एचडीएमआय असती तर मला जास्त आवडलं असतं. डीव्हीआयला कन्व्हर्टर लावून तिसरा लॅपटॉप घेता येतो, तो कन्व्हर्टर मात्र साधा पिनला पिन वाला घ्या.

पॅनलचं कॉन्फिगरेशन म्हणजे कॅबिनेटमधल्या रिसीव्हिंग कार्डची फाइल वगैरे यासाठी नोवाएलसीटी हे नोवास्टारचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर लागतंच, पॅनलवाल्याकडून फाइल घेऊन पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवा. घरी एकदा नीट केलं की मांडवात फक्त कॅबिनेटची मांडणी बदलते, ती समोरून क्विक कॉन्फिगरेशनने होते.

कोणासाठी आहे? ज्याच्याकडे पी ३.९१ चे शंभर-दीडशे कॅबिनेट आहेत आणि लग्न-सप्ताह-मैदान असं मिश्र काम आहे त्याला ही पेटी पुरून उरते. दीडशे कॅबिनेट म्हणजे साडेचोवीस लाख पिक्सेल, म्हणजे व्हीएक्स४०० वर पण आकड्यात बसतं, पण बॅकअप पोर्ट द्यायचे म्हटले की चार पोर्ट कमी पडतात, म्हणून मी सहावालीच सांगतो. फक्त पन्नास-साठ कॅबिनेट असतील आणि वाढवायचा विचार नसेल तर चारवाली घ्या, मेनू तोच, इनपुट तेच.

सेकंडहँड घेणार असाल, आणि बाजारात या पेट्या भरपूर फिरतायत, तर नुसतं चित्र येतंय म्हणून पैसे देऊ नका. लॅपटॉप बरोबर न्या. दोन्ही एचडीएमआयवर वेगवेगळे कस्टम ईडीआयडी भरा, पेटी बंद करून चालू करा, भरलेलं टिकतंय का आणि लॅपटॉपच्या अ‍ॅक्टिव्ह सिग्नलमध्ये तेच येतंय का बघा. एचडीएमआयचं सॉकेट हलवून बघा, भाड्याच्या पेटीत सगळ्यात आधी तेच सैल होतं. एसडीआयला कॅमेरा लावा, लूप आउट (आलेला सिग्नल तसाच पुढे देणारं सॉकेट) तपासा, सहाही पोर्टवर एक एक कॅबिनेट लावून बघा. फायबरचं झाकण नसेल तर आत धूळ गेलीय का बघा. एखादा इनपुट मेलेला असला तरी पेटी टाकाऊ नसते, पण मग भाव त्या हिशोबाने सांगा.